वैजूताई, तुझं पंचेचाळीस

वैजूताई,

तुझ्यासाठी मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो होतो. लोक छान बोलले. नव्याने आलेल्या किती मुलींना तू ड्रायव्हिंग शिकवलंस, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीस वर्षं कशी काढलीस, इराला एकटीने कसं वाढवलंस. कुणीतरी तुला 'शांत, सोशिक' म्हणालं, तेव्हा मी इराकडे पाहिलं आणि तिने मान खाली घातली. पिस्तुलाचं नाव कुणीही काढलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी तुझ्या नागपुरी सांबारवडीबद्दल दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मला दुसरं काहीतरी सांगायचं होतं, पण ते त्या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. तुलाच सांगायला हवं होतं, आणि तुला सांगायचा वेळ मी घालवला.

२००३च्या ऑगस्टमध्ये मी अर्विंगला आले, तेव्हा माझा सगळा दिवस खिडकीशी जायचा. पुण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि समीर सकाळी सातला गेला की संध्याकाळी सातला येणार. एकदा किराणाच्या दुकानाबाहेर पिशव्या घेऊन त्याची वाट बघत उभी होते. तू गाडीची काच खाली केलीस आणि म्हणालीस, "कोणाची वाट पाहून राहिली एवढ्या उन्हात?"

"मिस्टर येतायत."

"मिस्टरले... मिस्टरला फोन कर आणि सांग, येऊ नको म्हणून. बस."

पुढच्या तीन महिन्यांत तू मला गाडी शिकवलीस. मी तुला 'अहो वैजयंतीताई' म्हणत होते, तेव्हा तू म्हणालीस, पुन्हा अहो म्हटलंस तर फ्रीवेवर उतरवून देईन. ज्या दिवशी लायसन्स मिळालं त्या दिवशी तू विचारलंस, "रविवारी सकाळी काय करते?"

"काही नाही."

"मग चल."

कुठे ते सांगितलं नाहीस. नखं रंगवायचं पार्लर आणि टायरचं दुकान यांच्या मधोमध ती नेमबाजीची रेंज होती. आत शिरल्यावरसुद्धा मला वाटत होतं की तुझं इथे काहीतरी छोटं काम असेल. मग काउंटरवरच्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने "मॉर्निंग, मिस व्ही" म्हटलं, आणि तू हातातली काळी पेटी त्याच्यासमोर ठेवलीस.

माझ्यापुढे फॉर्म आला. त्यात व्हिसाचा प्रश्न होता. तो वाचून तू मला परत गाडीत बसवलंस, कारण व्हिसावर असलेल्या माणसाने बंदुकीला हात लावायचा तर शिकारीचा परवाना लागतो, असा तिथला नियम. खेळाच्या सामानाच्या दुकानात आपण तो काढला. माझा जन्म त्यांच्या ठरलेल्या तारखेआधीचा, म्हणून परवान्याचा क्लाससुद्धा करावा लागला नाही. मी जन्मात अंडं फोडलेलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हरिण की टर्की? तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "शी हॅजन्ट डिसायडेड." परतताना आपण दोघी इतक्या हसलो की तू एक सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होईपर्यंत थांबलीस.

त्या दिवशी माझ्या हातात पहिल्यांदा तुझं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल आलं. फोटोत, सिनेमात पाहून मला वाटायचं की पिस्तूल म्हणजे हलकी, चपळ वस्तू. हे पोलादाचं होतं. हात सरळ केला की दहा सेकंदांत खांदा भरून यायचा. सात गोळ्यांचं मॅगझिन मुठीत खालून सरकवायचं, ते आत बसल्याचा टक् असा आवाज ऐकायचा. मग वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, पूर्ण मागे ओढून सोडून द्यायची. तेव्हा पहिली गोळी नळीत चढते. ती ओढल्याशिवाय मॅगझिन भरलेलं असलं तरी काही होत नाही. तू मला हे चार वेळा सांगितलंस आणि चारही वेळा माझ्या तोंडून वदवून घेतलंस.

"चापावर बोट केव्हा?"

"मारायचं ठरल्यावर."

"आधी?"

"बाहेर."

पहिली गोळी सुटली तेव्हा कानांवर मफ असूनही आवाज छातीत ऐकू आला. धक्का मी समजत होते तसा झटका नव्हता. कुणी तळहाताने मनगट मागे लोटावं, तसा तो होता, जड आणि सावकाश. नळी आपोआप वर गेली. रिकामी पुंगळी उडून माझ्या कॉलरमध्ये पडली आणि मानेला चटका बसला. मी किंचाळले. तू मागून माझं मनगट घट्ट धरलंस, नळी खाली जाऊ दिली नाहीस, आणि म्हणालीस, "आता बोंबल. पण हात समोर."

टार्गेटच्या कागदाला माझी एकही गोळी लागली नव्हती. पुढच्या रविवारी तू मला न सांगता मॅगझिनमध्ये एक पोकळ काडतूस मिसळलंस. चाप ओढला, नुसता क्लिक झाला, आणि बार न होताच माझी मूठ बोटभर खाली गेली. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. "पाहिलं?" तू म्हणालीस. "धक्क्याने नाही चुकत तू. धक्का येईल म्हणून आधीच दबते." मी फिजिक्स शिकवलेली बाई. क्रिया-प्रतिक्रिया फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेली. पण हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

सहाव्या रविवारी माझ्या सातपैकी पाच गोळ्या कागदाच्या मधल्या वर्तुळात गेल्या. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते: मला ते फार आवडलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्या हाताने काहीतरी घडलं होतं. घरी आल्यावर समीरने विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, ठीक, ताईसाठी जाते. तुलाही मी तसंच भासवत राहिले, की मी तुला सोबत म्हणून येते.

लोकांना वाटायचं, एकटी बाई, घाबरत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. तू एकदाच सांगितलंस, रेंजवरून येताना, कॉफी पिता पिता. नागपूरला कॉलेजात एनसीसीत तू पॉइंट टू-टूची रायफल चालवायचीस. दिल्लीच्या कॅम्पसाठी तुझी निवड झाली होती. तुझ्या बाबांनी पाठवलं नाही. मुलगी एवढ्या लांब, आणि तीही बंदुका घेऊन, कशाला? "मग लग्न झालं, इकडे आले, इरा झाली, घटस्फोट झाला. कागद हातात पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन हे घेतलं."

"पण एवढं मोठं कशाला? टू-टूच घ्यायचंस."

"ते लहानपणी होऊन गेलं असतं तर झालं असतं. आता मोठंच पाहिजे."

आपलं भांडण वेगळ्याच मुद्द्यावर होतं. माझं म्हणणं, हे रेंजवरच्या लॉकरमध्ये ठेव, घरात नको. इराचंही तेच म्हणणं. कॉलेजसाठी ऑस्टिनला गेल्यापासून ती घरी आली की हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची, पेटी तुझ्या बेडरूमच्या कपाटात म्हणून. तू म्हणायचीस, "माझी वस्तू आहे. माझ्या घरात राहील." मी म्हणायचे, वस्तू नाही ती. तू म्हणायचीस, मग काय आहे, सवत? हे आपण दर रविवारी बोलायचो आणि दर रविवारी अर्धवट सोडायचो. मला वाटायचं, पुष्कळ रविवार आहेत.

२००६ सालच्या दिवाळीनंतरचा तो रविवार. तू लेनमध्ये उभी होतीस, मी मागे. तू मॅगझिन सरकवलंस, डावा हात स्लाइडवर ठेवलास, आणि स्लाइड अर्ध्यावर येऊन परत गेली. तू पुन्हा ओढलीस. पुन्हा तेच. मग पिस्तूल खाली ठेवून तळहात पँटला पुसलास, जणू घाम होता. हॉलमध्ये एसी गारठवत होता.

"शुभे, जरा ओढून दे. स्प्रिंग कडक झालं याचं."

मी ओढून दिली. सहज आली. स्प्रिंग वापराने ढिली होते, कडक होत नाही, हे मला माहीत होतं आणि तुला माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या दिवशी तुझ्या गोळ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात लागत गेल्या, एकाखाली एक.

नंतर डॉक्टर, सुया, स्कॅन, आणि ते लांबलचक नाव. स्नायू एकेक करून सोडून जातील, डोकं शेवटपर्यंत साफ राहील. तू लॅबमध्ये काम केलेली, तुला समजावून सांगावं लागलं नाही. तू मला फोनवर सांगितलंस, "हातापासून सुरू झालं. मग पाय, मग गिळणं, मग श्वास. क्रम बदलू शकतो." आणि लगेच विचारलंस, "तुझ्या घरी कढीपत्ता आहे का?"

तुझी स्पायरल वही इराने परवा मला दिली. प्रत्येक रविवारी किती गोळ्या, कशा लागल्या, हाताला काय वाटलं, असं तू लॅबमधल्या नोंदींसारखं लिहायचीस. त्या सालच्या मार्चमध्ये एक ओळ आहे: 'धक्का आज जास्त जाणवला. उजवा अंगठा. झोप कमी?' एप्रिलमध्ये: 'पुन्हा अंगठा.' जूनमध्ये नुसतं: 'हो.' मला तू नोव्हेंबरात स्लाइड ओढायला सांगितलीस. म्हणजे आठ महिने तू माझ्या शेजारी उभी राहून माझी मूठ दुरुस्त करत होतीस.

आता ती दुपार.

२००७चा ऑक्टोबर. सकाळी येणारी मदतनीस बाई गेलेली, इरा शुक्रवारी येणार होती. मी मऊ वरणभात घेऊन आले, तुला भरवला. तुझं बोलणं तोवर जड झालं होतं, शब्द एकमेकांत मिसळायचे, पण मला समजायचे. टीव्हीवर कुणीतरी घर सजवत होतं, त्याचा आवाज बंद होता. तू म्हणालीस, "कपाटातली पेटी काढ."

मला वाटलं, पाहावंसं वाटत असेल. मी काढली, तू आकडे सांगितलेस, मी उघडली. तू ते मांडीवर घेतलं नाहीस.

"मॅगझिन भर. आणि स्लाइड ओढून ठेव."

"कशाला, ताई?"

"एकटी असते मी. कोणी आलं तर?"

"दार लॉक आहे. खाली गेट आहे."

"ओढून दे म्हटलं ना."

"तुला चालवता तरी येईल का आता?"

तू टीव्हीकडे बघत होतीस. "चाप येते ओढता," तू म्हणालीस. "स्लाइड नाही येत."

वैजूताई, तुला हे कसं माहीत होतं? रेंजवर जाणं थांबून तेव्हा दहा महिने झाले होते. म्हणजे मधल्या काळात, एखाद्या दुपारी, तू एकटीने ते रिकामं काढून पाहिलं होतंस. मी हे सगळं एका क्षणात समजले, आणि माझा हात स्लाइडवर होता. ती ओढायला मला दोन सेकंद लागले असते. सगळं काम तूच मला शिकवलेलं.

मी म्हटलं, "कोरडं पडलंय. तेल द्यायला हवं. घरी नेते, माझ्याकडे ब्रश आहे."

"इथेच दे. माझ्यासमोर."

"इथलं तेल संपलंय."

संपलं नव्हतं. बाटली पेटीतच होती, तुला तिथून दिसत होती. तू बाटलीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मग म्हणालीस, "ने."

एवढंच. मी पेटी बंद केली, उचलली, भांडी सिंकमध्ये तशीच टाकली आणि निघाले. गाडीत बसून इराला फोन केला. ती त्याच संध्याकाळी ऑस्टिनहून निघाली, माझ्या घरून पेटी घेतली, आणि मग तुझ्याकडे गेली. तिने तुला काय सांगितलं, तू काय म्हणालीस, मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी मी आले तेव्हा तू विचारलंस, "झालं तेल देऊन?"

"नाही अजून."

त्यानंतर मी आले की दर वेळी पहिला प्रश्न हाच. झालं तेल देऊन? नाही, ताई, अजून. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तुला माहीत आहे हेही मला माहीत होतं. मी एकदा तरी भात बाजूला ठेवून म्हणायला हवं होतं की ताई, मी ते परत आणणार नाही, आणि का आणणार नाही ते असं. तू मला शिव्या दिल्या असत्यास. किंवा खरं काय ते सांगितलं असतंस. तीन आठवड्यांनी तू विचारणं थांबवलंस. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही लाज वाटते. मग तुझे शब्दच गेले. तू डोळ्यांनी अक्षरांच्या पाटीवर खुणा करायचीस: पाणी, उशी, इरा. जानेवारीत एका सकाळी श्वास थांबला. इरा जवळ होती. मी रस्त्यात होते.

काही रात्री मी तुझ्या बाजूने भांडते. माणूस स्वतःच्या जाण्याचं ठरवू शकत नाही का? तुझी वस्तू, तुझं घर. बाबांनी दिल्लीला जाऊ दिलं नाही, मीही शेवटी तेच केलं. मग मी माझ्या बाजूने भांडते. त्या ऑक्टोबरनंतर तू अडीच महिने होतीस. त्यात इराचा वाढदिवस झाला, तुला केकची क्रीम चमच्याने चाखवली, तू डोळ्यांनी हसलीस, ते मी पाहिलं. आणि तिसरीच बाजू निघते: कदाचित तू खरंच फक्त घाबरली होतीस. कधी नव्हे ती, एकटी, हात गेलेली, दाराकडे बघत बसलेली. मी तुझ्या भीतीला दुसरंच काहीतरी समजले. या तीनपैकी कुठली वैजूताई त्या सोफ्यावर होती, ते मला कळलेलं नाही.

परवा इरा आली. पेटी घेऊन. दुकानात परत द्यायची होती. म्हणाली, "बट फर्स्ट, मावशी, कॅन यू टेक मी देअर? आय वाँट टू सी व्हॉट शी डिड एव्हरी संडे."

आपल्या रेंजवर गेलो. पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने पेटी पाहून टोपी काढली. मी इराला सगळं शिकवलं, जसं तू मला. बोट बाहेर, हात समोर. स्लाइड तिला ओढता येईना, तुझ्यासारखे बारीक हात तिचे, तेव्हा मी ओढून दिली. ओढली, सोडली, पोलाद जागेवर बसलं. मी लेनच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. इराने एकच गोळी मारली. धक्क्याने तिचे दोन्ही हात वर गेले, ती मागे माझ्यावर आली. "ओ माय गॉड," ती म्हणाली, "इट्स सो हेवी. हाऊ डिड शी..." आणि वाक्य सोडून दिलं. उरलेल्या गोळ्या मी मारल्या. कुठे लागल्या ते पाहिलं नाही.

पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभ्या होतो. इरा म्हणाली, "दॅट नाइट, व्हेन यू टुक इट. मी आईला सांगितलं की ते आता माझ्याकडे आहे. मला वाटलं ती रडेल. शी स्लेप्ट. नऊ तास. आय वॉज सो मॅड की ती झोपू कशी शकते."

"झोपायच्या आधी काही म्हणाली?"

"तुझ्याबद्दल म्हणाली. तिचं टॉकिंग तेव्हा क्लिअर नव्हतं ना. म्हणाली, शुभाला काही बोलू नको." इराने कपाळावरचे केस मागे केले. "ऑर सांगू नको. शुभाला काही सांगू नको. वन ऑफ दोज. सेमच ना?"

मी तिच्याकडे बघत राहिले. चोवीस वर्षांची, तुझं नाक, तुझी हनुवटी. मराठी ती तुझ्याकडून ऐकून जेवढी शिकली तेवढीच.

"नीट आठव ना, इरा. बोलू की सांगू?"

"आय डोन्ट नो, मावशी. व्हाय, देअर्स अ डिफरन्स?"

मी म्हटलं, नाही गं, सेमच. तिला पुढे तीन तास गाडी चालवायची होती.

मग आम्ही दुकानात गेलो, तिने सह्या केल्या, आणि ती ऑस्टिनला निघाली. मी घरी येऊन स्वयंपाकाला लागले. समीरशी बोलले, जेवले, भांडी घासली. तेव्हापासून ती दोन्ही वाक्यं मी तुझ्या आवाजात म्हणून पाहते आहे, जड जिभेने, शब्द एकमेकांत मिसळून. दोन्ही तुझीच वाटतात. शुभाला रागावू नकोस, एवढंच म्हणालीस का गं? की माझ्यापासून काहीतरी लपवायला सांगत होतीस?

ताई, काय म्हणालीस तू?